यंत्रानंदांचा सिद्ध लॅपटॉप

दसऱ्याच्या सकाळी सातपूरच्या आमच्या कॉलनीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर डावीकडे आमच्या क्लासचा डेस्कटॉप, त्याच्या डब्याला झेंडूची माळ आणि भरजरी लोकरी शाल. उजवीकडे तांब्याच्या जाडजूड पाटावर यंत्रानंद महाराजांचा लॅपटॉप. दोन्हींत एकाच नावाचा प्रोसेसर आणि दोन्हींना कामही एकच: माझी विद्यार्थिनी तेजल हिने काढलेलं गिअरचं चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून, रंगवून दाखवायचं. लॅपटॉपवरची हिरवी पट्टी सरसर पुढे चालली होती. डेस्कटॉपची रडतखडत. टाळ्या थांबत नव्हत्या.

"पाहिलंत?" महाराज माइकवर गरजले. "डेस्कटॉप म्हणजे संसारी जीव! वायरींत गुंतलेला, भिंतीला बांधलेला. लॅपटॉप संन्यासी, झोळी उचलली की निघाला! या पाटावर मी त्याच्या चिपला दीक्षा दिलीय. आता त्याचे गिगाहर्ट्झ मोजायचे नाहीत, अनुभवायचे!"

संन्याशाच्या चार्जरची वायर टेबलाखालून भिंतीकडे गेलेली मला दिसत होती. पण बघायचं कोणाला होतं?

मी योगिनी. याच सभागृहाच्या मागच्या खोलीत मुलामुलींना मशीनच्या भागांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायला शिकवते. नाव एकच असलं म्हणून दोन प्रोसेसर सारखे होत नाहीत. लॅपटॉपमधला चपट्या डब्यात राहतो, त्याला वीज बेताची आणि पंखा एवढासा. डेस्कटॉपमधल्याला वीज भरपूर, पंखा मोठा. काम लांबलं की लॅपटॉप तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. इथे नेमकं उलटं चाललं होतं. लबाडी होती, पण कुठे ते कळेना.

आणि कळायला वेळ थोडा होता. कॉलनीचे अध्यक्ष सावळीराम नाना यांनी महाराजांना शब्द दिला होता: डेस्कटॉप हरला, तर क्लासचे सगळे डेस्कटॉप 'मुक्ती'साठी आश्रमात जातील आणि बदल्यात हा एक सिद्ध लॅपटॉप मिळेल. टेम्पो दाराशी येऊन उभासुद्धा होता. सोमवारी अंबडच्या एका कारखान्यात तेजलची नोकरीची परीक्षा, आणि तिच्या घरी कॉम्प्युटर नाही.

"नाना, एका लॅपटॉपवर सगळी पोरं बसणार कशी?" मी विचारलं.

"अहो मॅडम, एकटाच दहांचं काम करतो ना! डोळ्यांनी बघताय."

तेवढ्यात पाटाच्या सांध्यातून पाणी पाझरू लागलं. "यंत्राचं प्रारब्ध गळतंय!" महाराज म्हणाले, आणि शिष्याने ते वाटीत धरून वाटायला घेतलं. लोकांनी ओंजळी पुढे केल्या. निवृत्त इंजिनिअर असलेल्या नानांनी दोन थेंब पिऊन उरलेले डोळ्यांना लावले. 

शेजारच्या धोंडाबाईंनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "लय गार हाय गं! दात ठणकले माझे."

गार? ऑक्टोबरच्या या उकाड्यात?

मी डेस्कटॉपच्या शालीवर हात ठेवला. आतून भट्टी पेटल्यासारखी धग येत होती. "ही शाल कधी घातली?" मी तेजलला विचारलं.

"भजनाआधी. मशीन चालू केलं आणि मग महाराजांनी त्याचा सत्कार केला."

म्हणजे भजन संपेपर्यंत ते मशीन लोकरीत गुदमरत होतं. पंख्याच्या तोंडावर झेंडूची माळ ती वेगळीच.

मी पुढे झाले. "महाराज, डेस्कटॉपचा सत्कार केलात. तुमच्या संन्याशाने काय पाप केलंय? त्यालाही शाल द्या."

"त्याला मानाची आसक्ती नाही, माते."

"पण आम्हाला आहे ना, मान द्यायची!" तेजल म्हणाली. तिने डेस्कटॉपवरची शाल आणि माळ ओढून काढली, लॅपटॉप उचलला आणि बाळाला गुंडाळावं तसा शालीत गुंडाळून टेबलावर ठेवला. मी पाटाला हात घातला.

"खबरदार! त्या पाटाला बाईचा स्पर्श चालत नाही!"

नाना मला अडवायला उठले. पण धोंडाबाई त्यांच्याआधी उठल्या. "मला त्याचं पाणी पाजलं तवा चाललं व्हय?"

मी पाटाचं झाकण उचकटलं. आत पोकळ डबा आणि भुसा चिकटलेले बर्फाचे तुकडे. याचंच पाणी आमच्या लोकांनी तीर्थ म्हणून प्यायलं होतं. दोघंजण तोंडावर हात ठेवून बाहेर पळाले.

डेस्कटॉप थोडा निवू दिला आणि दोन्हींना तेच काम पुन्हा लावलं. शालीतला लॅपटॉप थोडा वेळ धावला, मग त्याचा पंखा किंचाळायला लागला आणि पट्टी अडखळली. डेस्कटॉप शांतपणे पुढे निघून गेला.

"त्याची साधना भंगली," महाराज पुटपुटले. या वेळी सगळे हसले. टेम्पो रिकामाच परत गेला.

लोक पांगल्यावर नाना हळूच म्हणाले, "काही म्हणा मॅडम, त्या तीर्थाने माझी ॲसिडिटी मात्र थांबली."

माझं डोकंच फिरलं. "नाना, उभी हयात कारखान्यात मशीनं थंड ठेवण्यात गेली तुमची! आणि एका भामट्याने बर्फावर चिप ठेवली तर हात जोडलेत? पोरीची नोकरी टेम्पोत घालायला निघाला होतात तुम्ही!" ते चपला घालून निघाले. मला त्यांची दया आली नाही.

तेजल तोवर त्याच मशीनवर सरावाला बसली होती. सोमवारच्या परीक्षेचा निकाल लागायचा तो लागेल, पण तिचा सराव बुडाला नाही. ती शाल आम्ही क्लासच्या दाराशी टाकली आहे, पाय पुसायला.

तुमच्याही गावात असा कोणी येईल. तेव्हा हात जोडू नका. त्याला एवढंच सांगा, "शाल काढा, पाट बाजूला ठेवा आणि आता परत करून दाखवा."