कार्डावरची अक्षरं

चित्रं-पोस्टरं करायची ती वेबसाइट चांगली, की माहिती साठवायचा तो क्लाउड डेटाबेस चांगला, हे ठरवून लेखी द्यायचं काम बाबांनी माझ्या गळ्यात मारलं. पडदा चांगला की कपाट चांगलं, असं विचारण्यातलाच हा प्रकार. पण प्रश्न बाबांचा असला की आमच्याकडे मूर्खपणाही कामात धरतात.

आमचं चष्म्याचं दुकान. बाबा डोळे तपासतात, मी फ्रेमा विकते, आणि काउंटरवर बसते आत्या, बाबांची धाकटी बहीण. मी फ्रॉकात होते तेव्हापासून ती तिथेच आहे. गिऱ्हाइकांचे नंबर सांभाळणं हे तिचं खातं. पूर्वी कागदी कार्डं होती. कॉम्प्युटर आला तेव्हा तिला कुणीतरी ही चित्रांची वेबसाइट दाखवली, आणि तिने प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड त्यात करायला घेतलं. वर नाव, खाली उजव्या-डाव्या डोळ्याचा नंबर, कोपऱ्यात फ्रेमचं चित्र आणि भोवती वेलबुट्टीची किनार. चष्म्याच्या नंबराला किनार कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

माझा मोठा भाऊ कॉम्प्युटर कंपनीत आहे. तो लांब राहतो आणि अधूनमधून आम्हाला सुधारायला येतो. उंटावरून शेळ्या हाकायची त्याला भारी हौस. आत्याची कार्डं बघून त्याने कपाळाला हात लावला, सगळे नंबर एका क्लाउड डेटाबेसमध्ये भरले, त्याचं भाडं दुकानाच्या माथी मारलं आणि आपल्या घरी निघून गेला. आता भाडी दोन झाली. बाबा म्हणाले, यातलं एक बंद. आत्या म्हणाली, माझं बंद केलंत तर मी काउंटर सोडीन. आवाज न चढवता, चहा ओतता ओतता म्हणाली. अर्धा चहा कपाबाहेर गेला. मला वाटलं, रागाने हात हलला असेल.

मी घाबरले, खरं सांगते. आत्या बोलते ते करते. आणि काउंटर सोडून ती जाणार कुठे? घरी दोन खोल्या आणि एक रेडिओ, एवढंच. दुकानातून उठली तर ती महिन्याभरात म्हातारी होईल, हे मला आरशासारखं दिसत होतं.

म्हणून मी तुलना मनापासून करायला घेतली. मनापासून म्हणजे आत्या जिंकेल अशी. पण बाजू लंगडी होती. शोधायचं म्हटलं तर डेटाबेसला नाव सांगायचा अवकाश, पापणी लवायच्या आत नंबर हजर. आत्याच्या वेबसाइटवर सगळी कार्डं सारखीच देखणी, त्यातून माणूस हुडकता हुडकता नाकी नऊ येतात. डेटाबेस नंबराच्या रकान्यात नंबरच लिहू देतो. वेबसाइट वाट्टेल ते लिहू देते, वर फुगे लावू का विचारते. देखणेपणात मात्र आत्याची सरशी होती. डेटाबेसमध्ये नुसत्या करड्या चौकटी आणि त्यात मुंगीएवढी अक्षरं. शेवटी पुरावा म्हणून मी आत्याची कार्डं जुन्यापासून नव्यापर्यंत उघडत गेले.

सुरुवातीला एका पानावर चार गिऱ्हाइकं होती. मग दोन. मग एक. पुढे वेलबुट्टी गेली, कारण तिला जागाच उरली नव्हती. मग फ्रेमचं चित्र गेलं. गेल्या काही महिन्यांत तर उजव्या डोळ्याचं एक पान आणि डाव्याचं दुसरं, आणि त्यावर नंबर केवढा, तर दुकानाच्या पाटीवर शोभावा एवढा. मी वैतागले. तुलनेच्या कागदावर लिहिलंसुद्धा, जागेची उधळपट्टी.

मग लिहिलेलं पुसलं आणि तशीच बसून राहिले. तपासणीच्या काचांची पेटी मला आठवली. रोज सकाळी तिच्यातल्या काचा भलत्याच खाचेत असायच्या आणि बाबा माझ्यावर खेकसायचे. मी हात लावत नाही म्हटलं तर आणखी खेकसायचे. दुकान बंद करायला रोज कोण थांबतं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे भाड्याने मिळेल.

बाबांना मी ती कार्डं ओळीने दाखवली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांनी आत्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. तिने कुरकुर केली, फडकं मारायचं राहिलंय म्हणाली, पण बसली. समोर दिव्याच्या पेटीत अक्षरांचा तक्ता होता. आत्याने एक डोळा झाकला आणि वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून दाखवला. मग दुसरा झाकून पुन्हा तसाच. कुठे अडली नाही. सगळ्यात खालची बारीक ओळ मला जेमतेम दिसते, तीही तिने सोडली नाही.

आदल्या संध्याकाळी बाबांनी पेटीतला तक्ता बदलला होता. वरचं मोठं अक्षर जुन्या-नव्या दोन्ही तक्त्यांवर एकच आहे. त्याखालचं एकही अक्षर आत्याने वाचलं तसं नव्हतं.

बाबांनी दिवा बंद केला. मला वाटलं, आता हे ओरडणार. इतकी वर्षं दुनियेचे डोळे तपासणारा माणूस, आणि पाठीमागे बसलेली सख्खी बहीण. पण ते खाली तिच्या पायाशी स्टुलावर बसले, तिचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

"चिमे," ते म्हणाले, "तक्ता दुसरा होता."

आत्या म्हणाली, "तुझ्या पेटीतल्या सगळ्या काचा लावून बघितल्या, दादा. काचेने जाणारं असतं तर तुझ्याकडेच आले असते. नजरेच्या मधोमध डाग पडलाय. आणि चष्म्याच्या दुकानात आंधळी बसलेली दिसली तर गिऱ्हाईक चढेल का पायरी?"

बाबा रडले. मी त्यांना तोवर कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि ते रडतात फार वाईट, शिंका अडकल्यासारखे. आत्यानेच त्यांना पदर दिला.

डोळ्यांच्या इस्पितळात डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना मिळून झापलं. गेलेलं परत यायचं नाही, राहिलेलं इंजेक्शनं घेऊन धरून ठेवता येईल, असं ते म्हणाले. एवढ्यावरही आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. मोठ्या भावाला फोन केला. त्याने सल्ल्याआधी आत्याची चौकशी केली, हे त्याच्या बाबतीत प्रथमच घडलं. मग त्याने त्या करड्या चौकटींतली अक्षरं मोठी करून दिली आणि नंबर मोठ्याने वाचून दाखवायची सोयही बसवली.

बाबांनी तुलनेचं काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, डेटाबेस काय लिहिलं ते नीट ठेवतो, पण केवढ्या अक्षरात लिहिलं ते त्याने ठेवलं नसतं. बाबा म्हणाले, दोन्ही भाडी भर.

आत्या काउंटरवरच आहे. इतक्या वर्षांत आमच्या दुकानात तिचं स्वतःचं कार्ड नव्हतं, ते मी तिच्या वेबसाइटवर केलं. भोवती वेलबुट्टीची किनार काढली, कोपऱ्यात तिची फ्रेम काढली, चार तास गेले. आत्याने पडद्याला नाक लावून, मान तिरकी करून ते कडेकडेने बघितलं.

"छान आहे गं," म्हणाली. "अक्षर जरा लहान झालंय."

मी किनार पुसली आणि अक्षर मोठं केलं.