वरून पेटवायची चूल

राजमतीनं नवी चूल घरात आणली तेव्हा तिच्या सासूनं, सुंदरीबाईंनी, चुलीकडं धड बघितलंसुद्धा नाही. पत्र्याचा उभा डबा आणि बुडाशी भोकं. दाणे काढून उरलेली मक्याची बुरकुंडं त्यात भरायची, वरून पेटवायची. जाळ हळूहळू खाली उतरतो, धूर जळून जातो आणि शेवटी राखेऐवजी कोळसा उरतो. सरपणाच्या धुरानं सुंदरीबाईंना खोकल्याची ढास लागायची. ती थांबावी म्हणून राजमतीचा हा खटाटोप.

पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. बुरकुंडं दमट निघाली. डाळ कशीबशी शिजली, भात अर्धा कच्चा असतानाच जाळ विझला. मधेच जळण घालायची सोय नव्हती. जुनी चूल पेटेपर्यंत दिवस मावळला आणि दिवस मावळल्यावर सुंदरीबाई अन्नाला शिवत नसत. त्या तशाच उपाशी राहिल्या. राजमतीही जेवली नाही.

"ही चूल परत देऊन ये," सकाळी सुंदरीबाई म्हणाल्या. "मला उपास नवा न्हाई. पर सून उपाशी निजल्याली मला चालायची न्हाई."

"चुकलं माझं, आत्याबाई. पर चूल देणार न्हाई. शिकीन मी."

तिनं बुरकुंडं गच्चीवर कडकडीत वाळवली. किडामुंगी जळू नये म्हणून एकेक झटकून घेतलं, मोडून सारखे तुकडे केले. दुपारी नुसतं पाणी ठेवून एक भरणा किती वेळ पुरतो ते बघू लागली.

"रोज पाणीच शिजवतीस व्हय?" नवरा सम्मेद हसला. पण सांगलीला गेला तेव्हा तसाच दुसरा डबा वेल्डरकडून करून घेऊन आला.

मग एके दिवशी तिनं पुन्हा स्वयंपाक मांडला. पहिला डबा मंदावला तसा भरून ठेवलेला दुसरा पेटवला. सुंदरीबाई उंबऱ्यात पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. भात झाला, भाकरी फुगल्या, तरी पदराची गरज पडली नाही. ऊन अजून अंगणात असताना सगळे जेवले.

राजमतीनं कोळशावर पाणी मारलं.

"ह्येचं काय करतीस?" सुंदरीबाईंनी विचारलं.

"शेणकाल्यात मुरवून रानातल्या हळदीला खत म्हणून घालायचा."

सुंदरीबाईंनी एक तुकडा उचलून बोटांनी चुरून बघितला.

"पुरणपोळ्या जुन्या चुलीवरच हुतील," त्या ठामपणे म्हणाल्या. "पर उद्याचा भात मी करती. कसं पेटवायचं ते दाव."