मिडास राजाच्या मुकुटाखालची टोपी

मी टोपी बोलतेय. जरीची नाही, लोकरीची. मला गाढवाचे दोन कान आहेत, आणि ज्या डोक्यावर मी बसले त्याच्या स्वतःच्या कानांपेक्षा ते कितीतरी बरे होते.

माझा जन्म भोपाळच्या शिवाजी नगरातल्या एका सरकारी क्वार्टरमधला. वैजयंतीकाकूंनी मुलाच्या जुन्या राखाडी स्वेटरातून मला बेतलं, कानांत हँगरची तार घातली, आतून गुलाबी ब्लाउजपीस लावला. शिवताना त्या गात होत्या. अहाहा, काय गळा! मधेच थांबून मात्र गळ्याला हात लावायच्या. पुढच्या महिन्यात थायरॉइडचं ऑपरेशन होतं, आणि नंतर गाता येईलच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. "एकदा तरी स्टेजवर नांदी म्हणायचीय गं," त्या मला म्हणाल्या. टोपीशी बोलतं का कोणी? त्या बोलायच्या.

मंडळाच्या गणेशोत्सवात ग्रीकांच्या मिडास राजाचं नाटक होतं. हात लावीन त्याचं सोनं होऊ दे म्हणून जेवायची पंचाईत करून घेतली, तोच हा शहाणा. पुढे संगीताच्या एका स्पर्धेत देवाच्या वाजवण्याला नावं ठेवून त्याने भलत्यालाच श्रेष्ठ ठरवलं. देवाने त्याला गाढवाचे कान दिले. राजाने ते मुकुटाखाली लपवले, पण न्हाव्याच्या पोटात गुपित राहीना. त्याने खड्डा खणून ते त्यात सांगितलं, तिथे बोरू उगवले आणि वाऱ्यावर सगळं गाऊ लागले. ते बोरूंचं गाणं नाटकाच्या शेवटी होतं.

आता राजा कोण? आमच्या मंडळात राजाचं काम अध्यक्षालाच द्यायचा रिवाज. अध्यक्ष दिगंबरराव, सचिवालयातून निवृत्त. नांदी कोण म्हणणार, त्या स्पर्धेचे परीक्षकही तेच. म्हणजे झालंच!

मी काकूंच्या पिशवीतून डोकावून सगळं पाहिलं, ऐकलं. काकू गायल्या तेव्हा चहा वाटणारे सुरेशराव किटली हातात घेऊन तसेच उभे राहिले. दिगंबररावांनी मान वर केली नाही. ते तक्त्यात खुणा करत होते: अर्ज, फोटो, पोशाख, वेळेचं पालन. गाण्याला रकाना होता, पण तो सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारीक. मग त्यांचा भाचा संकेत मोबाइलवर ट्रॅक लावून ओरडला. ट्रॅक एकीकडे, हा दुसरीकडे. पण अर्ज टाइप केलेला, वर दोन फोटो! नांदी त्याला मिळाली.

"तुमची अर्जी अधुरी आहे, वैजयंतीबाई. फोटो कुठाय? नियम म्हणजे नियम. तुम्ही प्रॉम्प्टिंग करा."

काकू नुसतं "बरं" म्हणाल्या. मला त्या माणसाची अशी शिसारी आली म्हणून सांगू!

एवढ्यावर थांबतील तर ते दिगंबरराव कसले? "अध्यक्षाच्या डोक्यावर गाढवाचे कान? मुलांवर काय संस्कार होतील?" म्हणत त्यांनी कानांचा प्रवेश कापला. बोरूंचं गाणंही गेलं. मला फेकूनच द्यायचे, पण मुकुट माझ्यावरून मापून केलेला. मी नसले की तो थेट नाकावर यायचा. म्हणून मला घातलं, कान दुमडून आत कोंबले.

प्रयोग झाला. नांदीला लोक खोकत होते. शेवटी पाहुणे म्हणून आलेले एक मोठे अधिकारी स्टेजवर चढले आणि दिगंबररावांची चाळीस वर्षांची सवय जागी झाली. साहेब दिसले की डोक्यावरचं काढून वाकायचं! मुकुट निघाला. माझी तार सुटली आणि दोन्ही कान टण्णकन उभे राहिले.

हॉल फुटला हसून. ह्यांना वाटलं, कौतुक चाललंय. पुन्हा वाकले. कान पुन्हा हलले.

तेवढ्यात विंगेतून सूर आला. काकू हातातली वही मिटून कापलेलं बोरूंचं गाणं म्हणत होत्या. माईक नव्हता. हसणं थांबलं, पोरं गप्प बसली, सुरेशराव दाराशी डोळे पुसत राहिले. मी ताठ उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.

गाणं संपल्यावर दिगंबरराव बाजूच्याला हळूच म्हणाले, "गळा बरा आहे. विंगेतल्या ह्या बाई कोण? अर्जी का नाही दिली?"

ऑपरेशन झालं. काकूंचा आवाज आता घोगरा झालाय, गाणं काही जमत नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेय. पोळ्या करताना त्या ओठ हलवतात, सूर येत नाही, मग माझ्याकडे बघून हसतात. त्या एका संध्याकाळचं गाणं मी पुरतं ऐकलंय, हे त्यांना ठाऊक आहे.

यंदाही अध्यक्ष तेच, परीक्षकही तेच. मंडळींनो, माझं एकच मागणं आहे. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी मला त्यांच्या डोक्यावर घाला. निदान कोणीतरी ऐकेल.