बुजवलेला कोनाडा

शेखरची एक खोड चंद्रभागाबाईच्या डोक्यात जायची. गडी अर्धंच बोलायचा. लहानपणी "आई, शाळेत..." एवढं म्हणून उंबऱ्यात उभा राहायचा; मग पाटी फुटली की मास्तरांनी झोडपलं, ते आईनं ओळखायचं. आता कानशिलं पांढरी व्हायला लागली तरी जीभ तिथंच अडकलेली.

परवा फोनवरही तसंच. "आई, मागची खोली नीट करायचीय. लय ओल आलीय. तू आली असतीस तर..." आणि गप्प.

राहिलेलं अर्धं चंद्रभागाबाईनं आपल्या मनानं पुरं केलं. धनी गेल्यापासून त्र्यंबककडच्या त्या खेड्यात ती एकटी होती, गुडघे धरलेले. पोराला उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं. तिनं कोंबड्या शेजारच्या लताबाईला देऊन टाकल्या.

"नाशकात जाऊन काय करशील गं?" लताबाईनं विचारलं.

"काय करीन म्हंजे? लेकाच्या घरात माणूस काय करतं?" सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा ठसक्यात ती म्हणाली. मग देव्हाऱ्यातले देवांचे टाक तांबड्या फडक्यात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवले, घराला कुलूप घातलं आणि नाशिकची एस.टी. धरली.

हिरावाडीतलं ते घर शेखरनं जुनंच विकत घेतलेलं. मागच्या खोलीत पहिल्या मालकाच्या देवांचा कोनाडा होता, काजळीनं काळा पडलेला. पिशवी कोपऱ्यात टेकवताना बाईनं आधी तो पाहून घेतला. तोंड पूर्वेला. बरं झालं.

चहा घेऊन तिनं पदर खोचला. पत्र्याच्या पट्टीनं पोपडे खरवडले, भिंत झाडून पुसली. शेखर पुट्टी लावायला लागला तर पाठीमागून म्हणाली, "नवरीला हळद लावतो का रं? दाब जरा!"

शेखर हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा.

"आन् खुंटी खाली मार. माझा हात पोचला पाहिजे."

"आई, खुंटी..." म्हणून तो थांबला. मग खाली वाकला आणि तिनं दाखवलं तिथंच मारली.

"हा कोनाडा बुजवायचाय, आई. तिथं..."

"येडा का तू? देवाची जागा कुनी बुजवतं?"

त्यानं आणून ठेवलेले विटांचे तुकडे बाहेर नेले. बाईनं कोनाडा स्वतःच्या हातानं घासला. काजळी निघाल्यावर पुट्टीचा हात दिला, कडा बोटांनी गोल केल्या. मधे खंडोबा, डावीकडं देवी, पुढं समई. तिच्या डोळ्यांपुढं सगळं मांडून झालं होतं.

दुपारी सून योगिनी मोबाइल घेऊन आली. "आई, जरा बाजूला सरता का? फोटोत नुसती खोली यायला हवी."

"खोलीचा कशाला गं फोटो?"

"सिंहस्थाला येणारे लोक आधी फोटो बघतात ना. चार पलंग बसतील इथं. यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

योगिनी खरोखरच गोंधळली होती. शेखर बादलीतली पुट्टी ढवळत राहिला. ढवळण्यासारखं तीत काही उरलं नव्हतं.

चंद्रभागाबाई दाराआड जाऊन उभी राहिली. फोटोत कोपऱ्यातली पिशवी येत होती, म्हणून योगिनीनं ती उचलली. बंद तुटला, लुगडी खाली आली आणि तांबडं फडकं फरशीवर आपटून सुटलं. टाक खळकन् पसरले.

शेखरनं वळून पाहिलं. दोन दिवसांच्या कामाला येणारी बाई देव घेऊन येत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"आई... तू देव... मला वाटलं, मेळा उठला की मग आपण..."

ती थांबली. आजवर त्याचं वाक्य तिनंच पुरं केलं होतं. आज नाही केलं. बाहेर नळ ठिबकत होता. शेखर बायकोकडं बघायचा, खाली बघायचा.

बाईनं एकेक टाक पदरानं पुसून फडक्यात बांधला. मग म्हणाली, "विटांचे तुकडे आण. सिमेंट कालव."

"राहू दे, आई."

"आण म्हनते ना."

कोनाडा तिनं तळापासून भरत आणला. तुकडा बसवायची, वर माल थापायची. मगाशी गोल केलेल्या कडा मालाखाली गेल्या. थापी फिरवून भिंत अशी सपाट केली की तिथं कधी काही होतं हे सांगूनही पटलं नसतं. योगिनी दारात डोळे पुसत होती. "आई, आज तरी राहा," म्हणाली. बाईनं हात धुतले. तिच्या मनात लताबाईचं अंगण आलं. दिलेल्या कोंबड्या काही परत मागता येणार नव्हत्या. कुलूप उघडताना सगळी आळी बघणार होती.

पिशवी काखेत घेऊन ती शेखरपुढं उभी राहिली.

"लोकांना जागा दे, पैसे घे, माझं काय बी म्हननं नाय. पन तू लबाड नाय शेखर, तू भित्रा हायेस. लबाडाला निदान पुरं बोलता येतं. 'आई, कामाला ये, ऱ्हायला येऊ नको,' येवढंच बोलायचं होतं. कामाला तर मी तशी बी आले असते. देव तरी घरी ऱ्हायले असते."