एन्झाइम नसलेली पट्टी

चिमणीने भावाच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि श्वास रोखून स्क्रीनकडे पाहिलं. 'चिमणी' हे दादाचं लाडाचं नाव. प्रयोगशाळेत तिला तशी हाक मारायची कुणाची टाप नव्हती.

या पट्टीसाठी तिनं रक्ताचं पाणी केलं होतं. केसाहून हजारपट बारीक अशा झिंक ऑक्साइडच्या काड्यांचं रान तिनं पट्टीवर उगवलं होतं आणि त्या काड्यांवर साखर ओळखणारं एन्झाइम बसवलं होतं. साखर जास्त, तर विजेचा प्रवाह जास्त. उद्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. त्याआधी एकदा तपासून पाहायला मधुमेही दादा हौसेनं आला होता.

आकडा उमटला. तीनशे दहा.

"बाप रे! तरीच मघापासून कसंतरी होतंय." दादानं खिशातून इन्सुलिनचं पेन काढलं.

चिमणी त्याच्याकडे बघतच राहिली. खोली गार होती, तरी त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. हात थरथरत होते. साखर उतरली की तो असाच दिसायचा.

"थांब दादा!"

"अगं, तुझंच यंत्र सांगतंय ना?"

तिनं पेन हिसकावून घेतलं. मग एन्झाइम न लावलेली, नुसत्या काड्यांची पट्टी यंत्रात सरकवली आणि त्याच बोटाचा थेंब तिच्यावर टेकवला. ही पट्टी गप्प बसायला हवी होती. प्रवाह सरसर चढत गेला.

साखर नव्हे, भलतंच काहीतरी वीज देत होतं.

"आज काय खाल्लंस?"

"सर्दी झालीय... व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. चघळत होतो खूप." त्याची जीभ जड झाली होती. "जेवायचं राहिलं."

म्हणजे वीज देत होतं ते रक्तातलं व्हिटॅमिन; साखर उतरलेलीच होती. ती धावतच बाहेरच्या चहाच्या टेबलाकडे गेली. पेलाभर पाण्यात साखर ओतली, कशीबशी ढवळली आणि परत येऊन पेला त्याच्या ओठांना लावला. "पी. सगळं पी."

त्याची नजर ठिकाणावर येईपर्यंत तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.

गडबड ऐकून प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर आले. तिनं सगळं सांगितलं.

"आता बरे आहेत ना? मग उद्या दुसऱ्या कुणाचं रक्त घेऊ," सर हळूच म्हणाले.

"नाही सर. उद्याचं रद्द करा."

"सगळ्या मेहनतीवर पाणी फिरेल. कळतंय का तुला?"

"कळतंय. पण या आकड्यावर विसंबून माझा भाऊ आत्ता इन्सुलिन टोचून घेणार होता."

सर पाहुण्यांना कळवायला फोन घेऊन बाहेर गेले. तेव्हा कुठे चिमणी मटकन स्टुलावर बसली.

"चिमणे," दादा म्हणाला, "त्या सरांचा डबा आहे का गं इथं कुठं?"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

काड्यांवर व्हिटॅमिन अडवणारा पातळ पापुद्रा चढवण्यात पुढे कित्येक महिने गेले. पाहुणे आले ते त्यानंतरच.