मार्करचे फटके

गोल्फमध्ये पैसा कुठून येतो असं कुणी विचारलं की ताई सांगायची, शेवटच्या चार फुटांतून. लांबचा फटका बघायला लोक जमतात, माना उंचावतात, टाळ्या वाजवतात. पण बँकेत जाऊन पडतो तो हा शेवटचा चार फुटांचा हलका टोला. पहिला आलेला आणि साठावा आलेला यांच्यात रोजचा दोन-तीन फटक्यांचाच काय तो फरक. पहिल्याला जे मिळतं त्यात घर होतं, आणि साठाव्याला जे मिळतं त्यात हॉटेलचं बिल भागतं. भागलं तर. आता याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

ताईचा धाकटा भाऊ गुंड्या हा जन्माचा साठावा. तो गोल्फ खेळून पोट भरणारा आणि ताई त्याची बॅग वाहणारी कॅडी. आधी ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. गुंड्याला परका कॅडी परवडेना, तेव्हा "एक वर्ष येते" म्हणून आली, आणि पुढे बॅगेचा पट्टा काही खांद्यावरून उतरला नाही. खेळाडूच्या कमाईतला दहावा हिस्सा कॅडीचा, अशी या धंद्यात रीत आहे. साठाव्याचा दहावा म्हणजे काय ते समजून घ्या.

घरी गुंड्याची बायको होती आणि बोबडं बोलणारी मुलगी. बायको स्वभावाने गोड, पण यंदा तिने सांगून टाकलं होतं, "परवाना राहिला तर खेळा. गेला तर नोकरी धरा. नुसत्या आशेवर चूल पेटत नाही." परवान्याचा नियमही सरळ होता. वर्षाच्या कमाईच्या यादीत रेषेच्या वर असाल तर पुढच्या वर्षी खेळायचं, खाली असाल तर श्रीमंतांच्या पोरांना काठी धरायला शिकवायचं. तीन स्पर्धा उरल्या होत्या आणि गुंड्या रेषेच्या खाली होता, चांगलाच खाली.

त्यातल्या पहिल्या स्पर्धेत दोन दिवसांनी चाळणी लागली, निम्मे खेळाडू घरी गेले आणि गुंड्या कसाबसा वर राहिला, अगदी शेवटचा. उरलेले विषम भरले. अशा वेळी जोड्या लावल्या की शेवटचा जो असतो तो सुटा राहतो, आणि त्याने सकाळी सगळ्यांच्या आधी निघायचं असतं. पण एकट्याने खेळता येत नाही, फटके लिहायला कुणीतरी लागतं. म्हणून क्लब आपल्यातला एक माणूस सोबत देतो. त्याला मार्कर म्हणतात. तोही खेळतो, म्हणजे याला जरा लय मिळते, पण त्याचे फटके कुठेच धरत नाहीत. पत्त्यांना चौथा कमी पडला की शेजाऱ्याला बसवतात ना, तसलाच प्रकार.

सकाळी गवत दवाने पांढरं होतं. बघे नव्हते, कॅमेरे नव्हते, बघ्यांना अडवायच्या दोऱ्यासुद्धा बांधून व्हायच्या होत्या. पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा त्या जागी, मार्कर येऊन उभाच होता. उंच, वाळका, गळ्यापर्यंत बटणं लावलेला म्हातारा, स्वतःची बॅग स्वतःच्याच खांद्यावर.

"आपलं नाव?" ताईने अदबीने विचारलं.

"मार्कर म्हणा. तेवढं पुरतं," तो म्हणाला.

मग तो खेळला, आणि ताई बघतच राहिली. तिने या धंद्यात भले भले पाहिले होते, पण असा खेळ नाही. चेंडू जिथे म्हणावं तिथे जात होता. ग्रीनवरचा, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा, त्याचा प्रत्येक टोला दवात एक रेघ ओढत होलमध्ये उतरायचा. हा माणूस खरा खेळत असता तर या धंद्यातल्या सगळ्यांना पुरून उरला असता, आणि इथे फुकट, कुणाच्या खिजगणतीत नाही. ताईला त्याची कीवच आली.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. चेंडू काढायला तो एकदाही वाकला नाही. होलमध्ये टप् असा आवाज व्हायचा, तिने कानांनी ऐकला होता. पण गुंड्याने आत हात घातला की एकच चेंडू लागायचा, त्याचा स्वतःचा. आणि पुढच्या टीवर बघावं तर मार्कर पुन्हा चेंडू ठेवून तयार. ताईने मनाला समजावलं, उचलला असेल, आपलं लक्ष नसेल.

गुंड्याचा खेळ नेहमीचा, साठाव्याचा. सतराव्या होलला तर त्याने चार फुटांवरून चेंडू डावीकडे ओढला, जीभ टाळूला लावून चक् केलं आणि पाच फटके घेतले. ती चुकचूक त्याची लहानपणापासूनची.

खेळ संपला की सगळे नोंदणीच्या खोलीत जातात. तुमचे फटके समोरचा कार्डावर लिहितो आणि खाली मार्करच्या ओळीवर सही करतो. तुम्ही तपासायचं आणि खेळाडूच्या ओळीवर सही करायची. त्या दोन सह्या झाल्या की देव खाली उतरला तरी आकडा बदलत नाही. कार्ड घेणारा अधिकारी तेव्हा खिडकीपाशी कॉफीत साखर ढवळत होता. ताईने भावाच्या खांद्यावरून पाहिलं, तर सतराव्या चौकोनात चार लिहिले होते.

"इथे पाच हवेत," ती म्हणाली.

"चार मी केले होते," मार्कर हळूच म्हणाला. "माझे कुठे जमा होणार? रोज वायाच जातात. तुम्ही घ्या."

गुंड्या कार्डाकडे बघत बसला. हा तोच माणूस, ज्याचा चेंडू एकदा झाडीत बोटभर हलला होता, कुणी पाहिलं नव्हतं, तरी स्वतःहून हात वर करून त्याने एक फटका वाढवून घेतला होता. या खेळात पंच मागे फिरत नाही, आपली चूक आपणच सांगायची असते, आणि त्या बाबतीत गुंड्यासारखा दुसरा नव्हता. त्याने पेन उचललं आणि सही केली.

बाहेर आल्यावर ताईचा पारा चढला. "लाज कशी वाटली नाही रे?"

"एकच फटका होता, ताई."

"सुई चोरली काय नि सोनं चोरलं काय."

"मग घरी जाऊन पोरीला काय सांगू? नियम पाळून बसलोय, आता नियमच खा?"

ताई गप्प बसली. चुकली ती इथेच. परत आत जाऊन तिने बोंब ठोकायला हवी होती, पण बोंब ठोकली असती तर दहावा हिस्साही गेला असता, आणि हे तिच्या मनात येऊन गेलं होतं. त्या एका फटक्याने गुंड्याने आठ-दहा जणांना मागे टाकलं. एवढ्याशा चार फुटांत बायकोला महिन्याचा खर्च पाठवता आला.

दुसरी स्पर्धा दुसऱ्या शहरात, दिवसभर गाडी चालवून जावं लागलं. तिथेही गुंड्या शेवटचा, तिथेही विषम, आणि सकाळी पहिल्या टीवर तोच म्हातारा. ताई टीवरून खेळाडू सोडणाऱ्या माणसाकडे गेली. "हे मार्कर तुमच्याच क्लबचे का हो?"

"छे, आमच्या माणसाला अचानक बरं वाटेना," तो म्हणाला. "हे तर तुमच्याबरोबर आले ना?"

या वेळी मार्करने काही विचारलंच नाही, आणि गुंड्यानेही. कार्डावर पाच चौकोन मार्करचे होते. ताईला फटक्यांचं वाईट वाटलंच, पण त्याहून एक वेगळीच गोष्ट तिच्या मानेवरून सरसरत गेली. शेवटच्या काही होलना मार्करने छोटे टोले चुकवले होते. चुकवले, ते सगळे डावीकडे ओढून. आणि गुंड्याचे मात्र रेघ ओढल्यासारखे आत जात होते. घेतो त्याला द्यावंही लागतं, असं कधी कुणी म्हटलेलं तिला आठवलं आणि ती आठवण तिने झटकून टाकली.

संध्याकाळी हॉटेलात दोघं समोरासमोर बसली होती. वेटरने ताईपुढे पाणी ठेवलं, एकच ग्लास, आणि विचारलं, "आणखी कुणी येणार आहे का?"

"हे बसलेत की," ताई म्हणाली.

वेटर ओशाळला. "सॉरी हं, लक्षच गेलं नाही."

गुंड्या हसला. पण ते हसू जरा उशिरा आलं, फोनवर लांबच्या माणसाचा आवाज येतो तसं. ताईने त्याचा हात धरला. "बाळा, इथेच थांबू. मरो तो परवाना. मी परत शाळेत जाते, तूही काहीतरी धर."

"आता रेष दिसायला लागलीय, ताई," तो म्हणाला. "आता कसलं थांबतेस?"

तिसऱ्या स्पर्धेत उरलेले खेळाडू सम भरले. ताईने नावं दोनदा मोजली आणि तिचा जीव भांड्यात पडला. हवा बिघडणार म्हणून चौथा दिवस रद्द झाला होता, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. सकाळी टीवर गेली तर गुंड्याच्या जोडीदाराची पाठ धरलेली, तो माघारी गेलेला, आणि त्याच्या जागी गळ्यापर्यंत बटणं लावलेला म्हातारा. तिने डोळे मिटून घेतले.

पण त्या दिवशी गुंड्या असा काही खेळला की ती भीतीबिती सगळं विसरली. तो कुणाकडे बघत नव्हता, हिशेब करत नव्हता. काठी फिरायची आणि चेंडू हवेत नुसता गात जायचा. चार फूट काय, चाळीस फुटांवरून टोले आत पडत होते. लहानपणी गुंड्या अंगणात काठीने लिंबू मारायचा तेव्हा तिला वाटायचं, हा मोठा होणार. तो मोठा आज झाला होता. ताई बॅग घेऊन मागे चालत होती आणि रडत होती, आणि रडताना हसत होती. आज कुणाचं काही घ्यायचं नव्हतं. हे सगळं याचं स्वतःचं होतं.

मार्करचा खेळ सामान्य झाला. साठाव्याचा म्हणा ना. सतराव्याला त्याने चेंडू डावीकडे ओढला आणि जीभ टाळूला लावून चक् केलं.

ताईचे पाय जागच्या जागी थांबले.

नोंदणीच्या खोलीत ती धावत पोचली तेव्हा दोघं बसलेले होते. मार्कर खेळाडूच्या खुर्चीत आणि गुंड्या समोरच्या. कार्डावर वर गुंड्याचं नाव होतं आणि खाली मार्करचे फटके, सामान्य, पण रेषेच्या अगदी जेमतेम वर नेणारे. म्हाताऱ्याने गुंड्याची सही केली, शेवटच्या अक्षराची शेपटी गुंड्या ओढतो तशी ओढून. मग गुंड्याने, ताईच्या भावाने, शांतपणे मार्करच्या ओळीवर सही केली.

"अहो, खेळाडू हा आहे," ताई अधिकाऱ्याला म्हणाली. "हा इकडचा. त्याचे फटके लिहा. त्याच्यासारखा आज कुणी खेळलेला नाही."

अधिकाऱ्याने तिच्या बोटाच्या दिशेने पाहिलं, मग तिच्याकडे, मायेने, थकलेल्या माणसाकडे बघतात तसं. "दोन्ही सह्या झाल्यात, बाई. अभिनंदन. परवाना राहिला तुमच्या भावाचा."

गुंड्याच्या तोंडावर दुःखाचा लवलेश नव्हता. "पाहिलंस ना तू?" त्याने विचारलं.

"पाहिलं रे."

"मग झालं," तो म्हणाला आणि दाराकडे निघाला, बाहेर, पहिल्या टीच्या दिशेने.

खुर्चीतला उठला. बटणं तीच होती, उंची आता तेवढी वाटत नव्हती. त्याने बॅगेचा पट्टा ताईपुढे धरला. "चल, ताई. पोर वाट बघत असेल."

आवाज गुंड्याचा होता. त्या पट्ट्यात दहावा हिस्सा होता, पुढचं अख्खं वर्ष होतं, घर होतं. ताई म्हणाली, "मी माझ्या भावाबरोबर जाते."

"त्यात पैसे नाहीत," तो म्हणाला. धमकी नव्हती त्यात, नुसती माहिती होती.

"ठाऊक आहे."

ती बाहेर पडली. गुंड्या लांब गवतात उभा होता, चेंडू ठेवून. त्याच्याकडे जाता जाता तिने फोन काढला, कारण तिकडे घरी एक बाई आणि एक पोर दार उघडून बसली होती आणि त्या दारातून आता कोण आत जाणार होतं ते फक्त तिलाच माहीत होतं. भावजयीने पहिल्याच घंटीला उचलला.

"ऐक, कुणालाही घरात घेऊ नकोस," ताई धापा टाकत म्हणाली. "तो येईल, त्याच्यासारखाच बोलेल, पण..."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी ताई."

"कोण ताई?" भावजय म्हणाली. मागे पोरीचा बोबडा आवाज येत होता. "तुमचा नंबर चुकला वाटतं. ठेवते हं, यांचा फोन येतोय दुसरीकडून."