जोहोरचा दर्जा

"मोडीच ती," बाबाजी मास्तर म्हणाले. "आमच्या आजोबांच्या कागदांर असलीच वळणदार अक्षरां होती."

"मोडी खंयची, मास्तर? जुनी कोंकणी ती. लिपी वेगळी होती आमची, म्हणान तुमका वाचूक येना," कोंकणीवाला साईश म्हणाला.

"तुका येता?"

"माका कशी येतली? पोर्तुगेजांनी सगळी जाळून उडयली न्हय!"

रवळनाथाच्या देवळात देवस्थान कमिटीची सभा भरली होती. मधोमध पितळेच्या ताटात तांदूळ पसरले होते आणि तांदळांवर तळहाताएवढा चांदीचा तारा ठेवला होता. ताऱ्याच्या मध्यभागी मुकुट, खाली चंद्रकोर आणि भोवती ती अक्षरं. दोन्ही बाजूंना वाचता येत नव्हती, त्यामुळे दोन्ही बाजूंची खात्री पटली होती.

गोकुळदास मागच्या खांबाला टेकून उभा होता. फेरीबोटीवरची पाळी संपवून तो तसाच आला होता. अंगात खाकी शर्ट, हाताला डिझेलचा वास. ती अक्षरं मोडी नव्हेत आणि जुनी कोंकणीही नव्हेत, हे त्या देवळात त्याला एकट्याला ठाऊक होतं. तो तारा त्याचाच होता. एक वाक्य बोलायचं आणि वस्तू खिशात घालून घरी जायचं, एवढंच ठरवून तो आला होता. पण बायकांच्या बाजूला, अगदी पुढं, त्याची आई पद्मावती बसली होती. नवस फेडलेल्या माणसाचं असतं तसं तिचं तोंड शांत होतं. त्यामुळे तो अजून खांबालाच टेकून होता.

गोकुळदास चोपड्याच्या फेरीवर रॅम्प चढवायचा आणि उतरवायचा. अलीकडे चोपडे, पलीकडे शिवोली, मध्ये नदी. पेडणे तालुक्यातल्या माणसाला कुठं जायचं असो, म्हापशाच्या बाजाराला, लग्नाला की इस्पितळात, त्याच्या रॅम्पवरून गेल्याशिवाय जाता येत नसे. तो रॅम्प नीट टेकला तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. जरा धक्का बसला, की टेम्पोवाल्यापासून कोळणीपर्यंत सगळे त्याच्या खानदानाची चौकशी करायचे.

एका शुक्रवारी शिवोलीची एक म्हातारी जुन्या पितळेचं गाठोडं घेऊन म्हापशाला निघाली. तिचा नवरा कायतान मलायात, पेराकच्या सुलतानाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. गाठोड्यातून एक पदक फेरीच्या लोखंडावर पडलं आणि गोकुळदासनं ते उचलून दिलं.

"दवर तुका, पुता," म्हातारी ते परत न घेता म्हणाली. "म्हापशां भंगारवालो वजनाचेर घेतलो. राजान दिल्लें तें माज्या घोवाक. बरें वाजयता म्हूण."

बरं वाजवतो म्हणून! गोकुळदासला ती गोष्ट काही केल्या पचेना. एक राजा सिंहासनावरून उठतो, शिवोलीच्या कायतानजवळ जातो आणि म्हणतो, बाबा रे, तू बरं वाजवलंस. नुसतं म्हणत नाही, वर छातीवर टोचून देतो. त्या रात्री त्यानं पदक चिंचेनं घासून लख्ख केलं आणि तिथून त्याला नाद लागला. बोटींवर नोकरी करणारे शिवोलीचे तारवटी सुट्टीवर आले की तो त्यांना रॅम्पवरच गाठायचा. लोक त्यांच्याकडे परदेशी साबण मागत, घड्याळ मागत. गोकुळदास मागायचा मलायातल्या सुलतानांची पदकं. तारवट्यांना आधी ती थट्टा वाटली, मग सिंगापूरच्या जुन्या बाजारातून ते खरंच आणायला लागले. पेराक झालं, पहांग झालं, केलांतान, सेलांगोर झालं. पेडण्याबाहेरचं जग म्हणजे त्याला ही संस्थानं. मुंबई त्यानं पाहिलेली नव्हती, पण पहांगचा सुलतान कुणावर खूश होतो हे त्याला माहीत होतं.

जोहोरचा हा तारा आला तेव्हा तो आणणारा तारवटी अडून बसला. त्याच्या आईला घरच्या दुधाची म्हैस हवी होती. गोकुळदासकडे दुभती म्हैस होती. तिला त्यानं स्वतःच्या हातानं फेरीत चढवलं, स्वतः रॅम्प वर घेतला आणि पलीकडे स्वतः उतरवलं. घरी आला तेव्हा त्याची बायको आनंदी रिकाम्या गोठ्यात उभी होती.

"म्हस खय?"

त्यानं रुमाल उलगडून तारा दाखवला.

"बरी आसा," आनंदी म्हणाली. "सकाळी कितली शेर दिता?"

त्यानंतर घरात काळा चहा झाला, की ती कप ताऱ्याच्या पेटीसमोर धरायची आणि म्हणायची, "वायच घाल गे." गोकुळदास रागवायचा नाही. त्या ताऱ्याचं पूर्ण नाव तारवट्यानं त्याला पाठ करून दिलं होतं : दर्जा सेरी पादुका माहकोटा. तिकडं असल्या मानाला दर्जाच म्हणतात. संध्याकाळी तारा पुसताना तो ते नाव पुटपुटायचा. आईला ते ऐकून ऐकून 'श्री पादुका मुकुट' असं पाठ झालं. आपला मुलगा कसलं तरी स्तोत्र म्हणतो, एवढंच तिला कळतं, असं त्याला वाटायचं.

आणि मग ती संध्याकाळ आली. फेरीच्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं, इंजिन बंद पडलं आणि ओहोटीनं फेरी समुद्राच्या तोंडाकडं निघाली. फेरीत गोकुळदास, इंजिनवाला, एक नवरदेव आणि त्याचं वाजंत्र होतं. वाजंत्रवाल्यांनी आधी आरडाओरडा केला. तो काठावर पोचेना, तेव्हा ते सनई-ताशा वाजवायला लागले. काठावरच्यांना वाटलं, हौस बघा लोकांची. हात हलवून ते घरी गेले. शेवटी फेरी वाळूच्या दांड्यावर रुतली. भरती येईपर्यंत नवरदेव अंतरपाटाच्या मुहूर्तावर नदीत बसून राहिला.

हे सगळं नंतर हसण्यासारखं. त्या वेळी पद्मावतीपर्यंत एवढंच पोचलं, की फेरी दर्यात गेली. तिनं देवापुढं पदर पसरून आंगवण केली : पोर घराक येवं दे, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तुका दितंय. पोर मध्यरात्री चिखलानं माखून आलं. दुसऱ्या दिवशी तो पाळीवर गेल्यावर तिनं पेटी उघडली आणि तारा देवाच्या पायाशी नेऊन ठेवला. पुजाऱ्यानं हे काय म्हणून विचारलं, तेव्हा तिनं नाव सांगितलं, "श्री पादुका मुकुट."

ही झाली वस्तू देवळात कशी आली त्याची कथा. देवस्थानच्या नोंदवहीत वस्तूवरच्या अक्षरांच्या भाषेचा रकाना होता, आणि आता वाद होता त्या भाषेचा. कारण ते वर्ष तसलं होतं. गोवा नुकताच घटक राज्य झाला होता आणि जो तो दर्जाबद्दल बोलत होता. गोव्याला राज्याचा दर्जा, कोंकणीला राजभाषेचा दर्जा, मराठीला बरोबरीचा दर्जा. हॉटेलात भजी परत करतानाही लोक दर्जा घसरला म्हणत. भाऊ भाऊ त्यावरून बोलेनासे झाले होते. आणि भांडायचे ते बहुतेक एकाच बोलीत.

"श्री शब्द खंयचो? मराठी," मास्तर म्हणाले.

"पादुका खंयच्यो? आमच्यो," साईश म्हणाला. "पायांक मराठी-कोंकणी आसता काय?"

"मगे मराठी कशी न्हय म्हणतस?"

अध्यक्ष गोपीनाथ शेट किराणा दुकान चालवत. दोन्ही भाषांची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे होती, म्हणून आजवर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आता त्यांना एकदम सुटकेची वाट दिसली.

"गोकुळदास, वस्तू तुझ्या घरातली. तूच सांग काय ता. मराठी की कोंकणी?"

सगळ्या माना मागं वळल्या. गोकुळदास खांब सोडून पुढं आला.

"मलय," तो म्हणाला.

"मलयाळी?"

"न्हय शेटीनू. मलाया. थंय जोहोर म्हणान संस्थान आसा. थंयचो सुलतान बऱ्या माणसांक दिता तो दर्जा हो."

साईशनं मास्तरांकडं पाहिलं, मास्तरांनी साईशकडं. भांडण मिटलं नव्हतं, पण भांडायची वस्तूच समुद्रापलीकडं निघून गेली होती.

"म्हणजे सरकारी दर्जा न्हय," गोपीनाथ शेट म्हणाले. "आणि देवाचीय न्हय. सुलतानाची वस्तू देवाक कशी चलतली? उचल ती, घराक व्हर."

इतकं सोपं होतं. गोकुळदासनं ताटात हात घातला. ताऱ्याच्या टोकांत तांदूळ अडकले होते. ते तो एकेक काढत होता, तेव्हा पद्मावती बसल्या जागेवरून बोलली.

"व्हर तू. पण माका सांग, मगे मी देवाक काय दिलंय?"

"आये, दुसरां कायतरी देवया. चांदीचो मुकुट करूया."

"मुकुट माझ्या मोलाचो न्हय रे. मी घर सगळां सोदलंय. मंगळसूत्र आनंदीचां, ता तिचां. माझ्या गळ्यात काय नाय. मगे मी तुझां तोंड याद केलंय. म्हस गेली तेवां तू हसत होतस. ह्या पुसताना तुझां जसां तोंड जाता, तसां तुझ्या लग्नात पण झालां नाय." बायकांत खसखस पिकली. आनंदीनं मान खाली घातली. पद्मावती हसली नाही. "माका म्हायत आसा सुलतानाचां ता. शिवोलचो तारवटी माझ्यासमोरच सांगी. पण मी तुका मागलंय, तर देवाक काय भंगार दितलंय?"

गोकुळदासनं तारा पुन्हा तांदळांवर ठेवला. आईनं त्याचा तारा नेला म्हणून दोन दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता. तिला वस्तूची किंमत कळत नाही, असं त्यानं आनंदीला सांगितलं होतं.

"देवाक विचारूया," तो म्हणाला.

असल्या प्रसंगी विचारायची रीत ठरलेली. पुजाऱ्यानं पाण्यात बुडवून फुलांच्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सगळे हात जोडून बसले. मास्तर आणि साईशसुद्धा एका सतरंजीवर. गोकुळदासनंही हात जोडले, पण काय मागावं ते त्याला ठरवता येईना. डावी म्हणावं तर आईची आंगवण वाया जाणार. उजवी म्हणावं तर पेटीत रिकाम्या मखमलीवर ताऱ्याच्या आकाराचा खळगा राहणार. मंगळुरी कौलांवरून एक माकड धावत गेलं आणि सगळे दचकले. पाकळ्या हलल्या नाहीत. मग कशालाही न हलता, आपसूक, एक घरंगळली.

उजवी.

पद्मावतीनं कपाळ जमिनीला टेकवलं. गोपीनाथ शेटनी, नोंदवहीत भाषेचा रकाना कोरा ठेवायचा, असा ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. त्या वर्षी पेडण्यात एकमतानं झालेली ती एकच गोष्ट असावी.

लोक पांगले. पुजारी तारा घेऊन गाभाऱ्यात गेला आणि देवाच्या शेल्यावर टोचू लागला. गोकुळदास उंबऱ्याबाहेर थांबला होता. आत जायचा अधिकार त्याला नव्हता. जायचं म्हणूनच वळला, पण राहवलं नाही.

"भटजी, तो डाव्या बाजूक लायतत."

"देवाची डावी की तुझी?" पुजारी वैतागून म्हणाला.

"देवाची."

पुजाऱ्यानं पिन काढली. "खंय म्हणजे? सारको सांग. वयर की सकयल?"

गोकुळदासनं आपल्या खाकी शर्टाच्या डाव्या खिशाच्या जरा वर बोट टेकवलं. "हांगा."

पुजाऱ्यानं मान मागं वळवून बघितलं, पुन्हा देवाकडं बघितलं. "हांगा?"

"वायच वयर. काळजार."

पिन जाड शेल्यातून जाईना. पुजारी पुन्हा पुन्हा मागं वळून पाहत होता आणि गोकुळदास बोट न हलवता ताठ उभा होता. शेवटी पिन लागली. पुजारी दिव्यात तेल घालायला गेला तरी ते बोट तिथंच होतं, खिशाच्या जरा वर.